खुणा पुसलेलं गाव

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून कान देणाऱ्या मोठ्यांनो, फार फार जुन्या काळी नदीकाठी कुंभारांचं एक गाव होतं. गावात मडकी भाजायची भट्टी एकच. सगळ्यांची मडकी एकत्र भाजली जायची, म्हणून प्रत्येक घर ओल्या मातीवर आपली खूण उमटवायचं. कुणाची मासोळी, कुणाचं पिंपळपान, कुणाच्या नुसत्या तीन रेघा. भट्टी उघडली की ज्याचं त्याने उचलावं, भांडण नाही की तंटा नाही.

त्या देशाच्या राजाला प्रश्न आवडत नसत. सकाळी कुणी काही विचारलं की संध्याकाळच्या आत घोडेस्वार दारात. नेलेला माणूस कुठे जातो, कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारी विचारायचे नाहीत, आणि घरचे "पाहुण्यांकडे गेलेत" असं सांगून आत वळायचे.

एके दिवशी घोडेस्वारांचा नाईक एक माठ घेऊन आला. माठाच्या बुडाशी अक्षरं होती, ओल्या मातीतच कोरून मग भाजलेली: 'आमची माणसं कुठे आहेत?' गळ्याशी मासोळी होती.

मासोळीवाल्या कुंभाराला चालत्या चाकावरून उठवलं. हात धुऊही दिले नाहीत. त्याची बायको घोड्यांमागे वेशीपर्यंत धावली. गावातलं एकही दार उघडलं नाही. दारामागे सगळे होते, बरं का, श्वास रोखून उभे होते.

दुसऱ्या दिवशी थोरल्या कुंभाराने सगळ्यांना बोलावलं. "आजपासून कुणी खूण उमटवायची नाही," तो म्हणाला. "खूणच नसंल तर माणूस सापडंल कसा?"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. एवढी सोपी युक्ती आधी कशी सुचली नाही, असं जो तो म्हणू लागला.

मासोळीवाली बाई तेवढी उठली. "मी नाही पुसणार. ही पुसली तर घरधनी होते याला पुरावा काय? आणि दादा, उद्या दुसरा माठ सापडला, तर तो तुमचा नव्हं हे कशावरून सांगाल?"

"गप बस, बाई," लोक म्हणाले. "तुझ्यापायी आम्हीबी जाऊ."

पुढच्या खेपेला भट्टीतून सगळी मडकी सारखी निघाली, फक्त मासोळीची तेवढी वेगळी. आता कुंभार एकमेकांच्या अंगणात डोकावू लागले. कोण काय कोरतंय याचीच धास्ती. भाऊ भावाकडे पाठ करून माती मळू लागला.

आणि व्हायचं तेच झालं. नाईक पुन्हा आला. हातात माठ, बुडाशी तोच प्रश्न. गळा मात्र कोरा.

"कुणाचा?"

"माझा नाही," थोरला कुंभार म्हणाला. "माझा नाही," दुसरा म्हणाला. सगळं गाव तेच म्हणालं.

"कशावरून?" नाईकाने विचारलं.

थोरल्या कुंभाराने त्या बाईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

नाईकाने मासोळीवालीचं घर सोडलं, कारण तो माठ तिचा नव्हता हे उघड दिसत होतं. बाकी प्रत्येक घरातून त्याने एकेक कर्ता पुरुष बांधला.

"आम्ही तर राजाच्या भीतीनं खुणा पुसल्या," थोरला कुंभार रडत म्हणाला.

"खुणा असत्या तर मला एकालाच न्यावं लागलं असतं," नाईक म्हणाला, आणि त्याने दोर ओढला.

त्या संध्याकाळी गावातल्या बाया मासोळीवालीच्या अंगणात येऊन बसल्या. राजवाड्याच्या कोणत्या दारावर जाऊन विचारायचं, एवढंच त्यांनी विचारलं. ती त्यांना घेऊन निघाली. पण तोवर फार उशीर झाला होता. नेलेला एकही माणूस परत आला नाही.

तात्पर्य: भीतीपोटी जो आपली ओळख पुसतो तो वाचत नाही, जुलमाचे फक्त निवड करायचे कष्ट वाचतात.