शत्रूची जमीन

"...म्हणजे गुरुजी, तुम्ही तिथून उठणारच नाही?"

सर्व्हियसच्या हातात भाला होता, मागे अख्खी सिनेट उभी होती, आणि पुढ्यात जमिनीच्या त्या तुकड्यात म्हातारा नुमेरियस मांडी ठोकून बसला होता. ज्याने त्याला पुरोहितपणाचे मंत्र शिकवले, तोच आज आडवा आला होता.

युद्ध पुकारायचं तर पुरोहिताने शत्रूच्या भूमीत भाला फेकायचा, असा रोमचा जुना धर्म. पुढे शत्रू समुद्रापलीकडचे निघाले. तिथवर जायचा कंटाळा आला, तेव्हा शहाण्यांनी युद्धदेवीच्या देवळासमोरचा हा तुकडा एका पकडलेल्या शत्रूसैनिकाच्या नावावर केला. झाली शत्रूची जमीन! भाला इथेच फेकायचा आणि जेवायला घरी जायचं. देवालाही गंडवणारी माणसं ती.

आज सर्व्हियसचा पहिला भाला होता. तो पडला की जहाजं निघणार होती.

"लोक हसताहेत," तो दातओठ खात म्हणाला. "उठा."

"समुद्रापलीकडच्या त्या लोकांनी आपले कैदी परत पाठवले?"

"पाठवले."

"नेलेली गुरं?"

"तीही दिली."

"मग भाला कशाला?"

पलीकडच्या गव्हाच्या शेतांवर सिनेटचा डोळा होता. सर्व्हियसला ते ठाऊक होतं, पण असली उत्तरं तोंडाने द्यायची नसतात.

"ते ठरवणारा मी कोण?" तो म्हणाला. "मी फक्त भाला टाकतो."

"आजवर सगळे हेच म्हणाले. मीसुद्धा." म्हाताऱ्याचा आवाज चढला. "अरे, पूर्वी पुरोहित हा भाला घेऊन सीमेपर्यंत चालत जायचा. ज्याचं घर जळणार, त्याच्या डोळ्यांत बघून टाकायचा. इथे तू कुणाच्या डोळ्यांत बघणार होतास? म्हणून मी येऊन बसलो."

सर्व्हियसच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"शत्रूच्या जमिनीवर बसतो तो शत्रू! तुम्हीच शिकवलंत."

"बरोबर. टाक मग."

नुमेरियसने छातीवरचं वस्त्र बाजूला सारलं.

"टाक रे!" मागून कुणीतरी ओरडलं.

सर्व्हियसने मंत्र म्हटला आणि भाला उचलला. त्याला म्हाताऱ्याचा राग आला, सिनेटचा आला, स्वतःचा तर फारच आला. ते डोळे मात्र त्याच्यावरून हलेनात...

भाला सुटला.

तो तुकड्यापर्यंत पोचलाच नाही. हद्दीच्या दगडांच्या अलीकडे, रोमच्या मातीत रुतून थरथरत राहिला.

भाला ज्याच्या भूमीत पडेल त्याच्याशी युद्ध, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"तुमच्यामुळे!" सर्व्हियस किंचाळला. "तुमच्यामुळे माझा नेम चुकला!"

नुमेरियस गुडघ्यांवर हात टेकून उठला. भाल्याकडे बघितलं, मग सिनेटकडे बघितलं.

"चुकला?" तो म्हणाला. "या देवळासमोर आजवर जेवढे भाले फेकले गेले, त्यांतला हा पहिलाच नेमका पडला."