आवडाईचा गज

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा धामणखोऱ्यात माणसं थोडी होती आणि डुकरं फार. साल कुठलं म्हणून मला विचारू नका. माझ्या आजोबांच्या आजोबांनीसुद्धा ती ऐकलेलीच होती. डोंगरउतारावर नाचणी पिकायला लागली की रानडुकरांचे कळप खाली उतरत आणि उभं शेत लोळवून जात. पारध झाली नाही, तर पुढच्या पावसाळ्यात घराघरात उपास. गावात बंदुका होत्या पाच, पाचही ठासणीच्या.

ठासणीची म्हणजे कशी, तेही सांगतो. आधी नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग शिशाचे छर्रे, पुन्हा बोळा, आणि लोखंडी गजानं सगळं ठासून बसवायचं. घोडा पडला की बार. दुसरा बार हवा तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तोवर डुक्कर काय तुमची वाट बघत थांबतंय होय!

पावसाळाभर या बंदुका चुलीवरच्या माळ्याला, धुरात टांगलेल्या असायच्या. नवरात्र लागलं की खाली उतरवायच्या. मग गावाला दुसरा उद्योग नसे. कोणी रुईच्या काटक्या जाळून दारूसाठी कोळसा पाडतोय, कोणी दारू सुपात पसरून उन्हं देतोय आणि विडी ओढत जवळ येणाऱ्याला शिव्या घालतोय. बायका काथ्याचे बोळे वळायच्या. नळ्या राखेच्या कढत पाण्यानं धुवायच्या, करंजाच्या तेलाचं बोट फिरवायचं, बंदुकीच्या कानातली, म्हणजे ठिणगी आत जायच्या भोकातली, काजळी कोंबडीच्या पिसानं काढायची. खंडेनवमीला हत्यारांची पूजा, आणि दसरा झाला की पारध.

अशाच एका खंडेनवमीला सोमा लोहार गेला. पूजेनंतर सलामीचा बार काढायचा म्हणून त्यानं बंदूक भरली. ती त्या वर्षी धुवायची राहिली होती आणि गेल्या वर्षीचीच भरलेली होती, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. भरल्या नळीत पुन्हा भरलं, की नळी पुढून फुटत नाही हो, माणसाच्या तोंडावर फुटते. त्याची बायको आवडा अंगणात तांदूळ निवडत होती. भरण्याआधी सोमानं नळीत गज सोडला तेव्हाचा आवाज तिनं ऐकला होता. एरवी टण्ण वाजायचा, त्या दिवशी थप्प वाजला. वेगळा वाजला एवढं तिला कळलं, पण का, ते कळलं नाही, आणि ती सुपातले खडे वेचत राहिली.

तो थप्प तिच्या कानातून जन्मभर गेला नाही. "मी ऐकलं होतं गो," ती म्हणायची, "ऐकून गप बसले." पदरात धाकू होता, तान्हा. त्याला तिनं भाता ओढून वाढवलं.

पुढच्या वर्षी गावानं फुटलेल्या बंदुकीच्या जागी दुसरी आणली, आणि खंडेनवमीला आवडा आपल्या अंगणाच्या कडेला येऊन बसली. विधवेचा हात पारधीच्या हत्याराला लागला तर रान रुसतं, असा तेव्हा समज. तिनं हात लावलाच नाही. म्हणाली, "बंदुका तुमच्या, गजही तुमचेच. एकेकानं माझ्यासमोर नळीत गज सोडा. मी नुसती ऐकते."

लोक हसले. पण सोमाची आठवण ताजी होती, म्हणून त्यांनी गज सोडले. टण्ण वाजला की आवडा म्हणायची, "मोकळी." थप्प वाजला की म्हणायची, "थांब." असं करता करता तिची आवडाई झाली.

असं म्हणतात, तिच्या कानाला पुढे पुढे काही म्हणजे काही लपेनासं झालं. गंज कुठं धरलाय, नळीला चीर कुठं गेलीय, सगळं ती आवाजावरून सांगायची. एकदा म्हणे एकाला म्हणाली, "तुझ्या नळीत पाल आहे रे, गाभण आहे, बेतानं काढ." बघतात तर खरंच गाभण पाल! ओढ्यापलीकडे गज पडला तरी ती अलीकडून बंदुकीच्या मालकाचं नाव सांगे, असं म्हणतात.

आता अंतोबा खोताकडे येऊ. गाव त्याचं, सगळ्यांत लांब नळीची बंदूक त्याची, आणि मिशाही गावात सगळ्यांत लांब त्याच्याच. गेल्या सालच्या पारधीत एक एकांडा सुळेवाला डुक्कर हाकाऱ्यांना फोडून थेट खोताच्या अंगावर गेला होता. खोतानं घरी येऊन सांगितलं, "बार काढला! चाटून गेला, नायतर तिथंच पडला असता." वर्षभर तो हेच सांगत होता. दर खेपेला डुक्कर थोडं मोठं व्हायचं. सांगून सांगून त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

पण त्या दिवशी आवडाई अंगणात बसून बार मोजत होती. बंदुका पाच, बार वाजले चार. ती कुणाला काही बोलली नाही. माणूस भ्याला असेल, भिऊ दे की. कोण भीत नाही?

यंदा खंडेनवमीला चार बंदुका तिच्या अंगणात आल्या. खोताची आली नाही. "माझी मोकळीच आहे," त्यानं निरोप धाडला. "बार मी स्वतः काढलाय. बाईमाणसाच्या कानाची काय गरज?"

तोपर्यंतही ठीक होतं. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खोताची कंबर धरली. पारधीच्या तोंडावर बरी धरली! त्यानं सांगितलं, मी वेशीपर्यंत येईन, वेशीबाहेर बंदूक भरून देईन, बार धाकू लोहार काढेल. धाकूसारखा नेमबाज खोऱ्यात नव्हता.

आवडाईला ते चार बार आठवले. ती धाकूला म्हणाली, "गज सोडून बघ रे बाबा आधी."

"आये, गावासमोर खोताला खोटा पाडू?" धाकू म्हणाला. "उद्या या गावात राहायचं आहे आपल्याला."

तो म्हणाला ते खरंच होतं. खोताला खोटं पाडावं तर गाव तुटणार, गप बसावं तर पोरगा जाणार. आणि गप बसून काय होतं, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

सकाळी ढोल वाजवत पारध निघाली. वेशीवरच्या अरुंद वाटेत बघतात तर आवडाई मधोमध मांडी घालून बसलेली. तिला ओलांडून जाणं म्हणजे अपशकून. ढोल थांबला.

"ऊठ गो आवडे," खोत ओरडला. "काय चालवलंय हे?"

"उठते की, खोतानू. तेवढा गज सोडा. मी म्हातारी झाले, एकदा ऐकू द्या."

"माझ्या शब्दावर विश्वास नाय तुझा?"

"तुमच्यावर आहे. लोखंडावर नाय."

खोतानं मिशीवर ताव दिला, खांद्यावरची बंदूक उभी धरली आणि झोकात गज सोडला.

थप्प.

गज वीतभर वरच राहिला. आवडाईनं खोताच्या तोंडाकडे पाहिलं, तर ते पांढरंफटक. वर्षभर विसरलेलं झाड, झाडावर चढलेला तो, खाली पडलेली भरली बंदूक, सगळं त्याला एकदम आठवलं होतं. एक शब्द बोलली असती, तर खोत त्या वाटेवर मेल्याहून मेला असता.

आवडाई हसली. "कुंभारमाशी," ती म्हणाली. "पावसात नळीत मातीचं घर बांधून बसते मेली. त्यात खोतांचा काय दोष?"

लोकांनी श्वास सोडला. खोतानं दोन्ही हातांनी बंदूक तिच्यापुढे धरली. विधवेच्या हाती हत्यार! कुणीतरी कुजबुजलं, पण खोत मागे हटला नाही. ती एकटीच ओढ्यावर गेली. नळीत पाणी ओतून तिनं दारू भिजवून निकामी केली, गजाला पिळाचा आकडा लावून बोळे उपसले, छर्रे ओच्यात बांधले, नळी कोरडी करून तापल्या खडकावर वाळवली. परत आली तेव्हा तिच्या मुठीत ओढ्याकाठची ओली माती होती. ती तिनं माशीचं घर म्हणून सगळ्यांना दाखवली.

मग तिनं स्वतः गज सोडला. असं म्हणतात, तो टण्ण तीन गावांत ऐकू गेला आणि देवळातली घंटा आपोआप हलली.

त्या दिवशी धाकूनं एका बारात सुळेवाला पाडला. नाचणी वाचली, आणि धाकूही संध्याकाळी चालत घरी आला. आवडाई त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. "काय गो आये, डुकरानं नाय खाल्लं मला," तो म्हणाला, तेव्हा कुठं ती रडली.

तिनं ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. मग आपल्याला कशी कळली? पुढच्या खंडेनवमीला अंतोबा खोत सगळ्यांच्या आधी तिच्या अंगणात आला, बंदूक तिच्या हातात दिली आणि भर गावासमोर म्हणाला, "गेल्या साली माशी नव्हती, मी होतो. त्याच्या आदल्या पारधीत मी झाडावर होतो, आणि ही गप राहिली. आजपासून पहिला हात हिचा." मिशा त्यानं आदल्याच दिवशी उतरवल्या होत्या, असं म्हणतात.

आवडाई गेली त्या सकाळी गावातले पाचही गज माळ्यावर आपोआप वाजले. पाचांचाही आवाज मोकळा होता.

आता पारध बंद झाली, बंदुकाही गेल्या. एकच नळी देवळात उरली आहे, बाराला निकामी, आणि तिच्याशेजारी आवडाईनं सोडलेला तो गज. खंडेनवमीला तिला हळदकुंकू पहिल्यांदा गावातली विधवा वाहते, मग गज सोडते, आणि टण्ण वाजेपर्यंत लहान पोरंसुद्धा तोंड उघडत नाहीत. वाजला की सगळे म्हणतात, "मोकळी!"

आणि धामणखोऱ्यात कुणी स्वतःच्याच थापेत सापडला, तोंड पांढरं पडलं, तर आजही कोणी त्याला खोदून विचारत नाही. एखादी म्हातारी म्हणते, "कुंभारमाशी असेल हो," आणि त्याला पाणी देते.