मुके औषध

ऐकणाऱ्यांनो, सांगा पाहू, गुणाचे औषध रोज दिले आणि दुखणे रोज वाढले, तर माणसाने काय समजावे?

एका राज्यात भानुकेत नावाचा राजा होता. मोठ्या तापातून उठला आणि अंगात त्राण राहिले नाही. त्याची राणी शाल्मली डोंगरावरच्या मांत्रिकाकडे गेली. मांत्रिकाने हेमकंद नावाच्या मुळीचे चूर्ण दिले आणि बजावले, "चिमटीत मावेल तेवढे माणसाचे. त्याहून अधिक ते झाडाचे."

राणीने मान डोलावली. रोज पहाटे ती राजाच्या दुधात चिमूटभर चूर्ण घाली आणि कुणाजवळ बोलत नसे. त्या राज्यात औषध मुक्यानेच द्यायचे असे. बोलले की गुण जातो, अशी सगळ्यांची पक्की समजूत.

आठव्या दिवशी राजाच्या करंगळीला नखाच्या जागी पान फुटले.

राणी गोंधळली. हा गुण म्हणावा की अवगुण? पान तर टवटवीत होते. दहाव्या दिवशी दहाही बोटांना पालवी आली. राजा चूळ भरी, तेव्हा हिरड्यांतून हिरवा रस येई.

"शाल्मली," राजा म्हणाला, "आज माझ्या खांद्यावर चिमणी बसली. हाकलली तरी उठेना."

राणीला हसू आले आणि लगेच रडू आले. औषध कमी पडते की काय? वाढवावे का? की बंद करावे? बंद केले आणि राजा गेला तर?

सज्जात एक धनेश पक्षी येऊन बसला. तो माणसासारखा बोलत असे.

"राणी, पालवी माथ्यावर पोचली की राजा मुळे धरील. तीन कामे कर. राजाच्या पोटात जाणारा प्रत्येक जिन्नस एका ताटात मांड."

राणीने ताट मांडले. दूध, मध, खिचडी आणि वैद्यराजांचा काढा. तिने वास घेऊन पाहिला. दुधाला हेमकंदाचा वास होता, तो असणारच. पण मधालाही तोच वास आणि खिचडीलाही तोच! शत्रूचे कारस्थान म्हणावे, तर शत्रू राजाला गुणाचेच औषध कशाला चारील? तिचे डोके चालेना.

"दुसरे काम," धनेश म्हणाला. "देणाऱ्यांना बोलते कर."

राणी मधाची वाटी घेऊन राजमातेकडे गेली.

"आईसाहेब, यात काय आहे?"

"सूनबाई, माझ्या लेकाला काय चाटवायचे ते आता तुला विचारू होय?"

"त्याला पाने फुटलीत, आईसाहेब."

राजमातेने पदर तोंडाला लावला. "हेमकंद आहे गं. मांत्रिकाकडूनच आणवला. चिमूटभरच घालते."

मुदपाकखान्यात आचारी विठंभट कढई घाशीत होता. "सरकार, चिमूटभरच! खिचडीत घातला की महाराज नाक मुरडत नाहीत. आमच्या मेव्हण्याला फार मानवला होता."

तिघांची चिमूट आपापल्या जागी बरोबर होती.

"तिसरे काम," धनेश म्हणाला. "तू स्वतः भरदरबारी बोल."

दरबार भरला आणि राणी उभी राहिली. आपण बोललो, गुण गेला आणि राजाचा प्राणही गेला तर? तिने राजाकडे पाहिले. पालवी कानामागे पोचली होती. तो काही सांगू पाहत होता आणि ओठांतून नुसती सळसळ येत होती.

"मी यांना हेमकंद देते!" राणी ओरडून म्हणाली. "आईसाहेब देतात, विठंभट देतात. कुणी कुणाला सांगितले नाही. वैद्यराज, तुम्हालाही नाही."

वैद्यराज ताडकन उठले.

"राणीसरकार, माझा काढा रक्त पातळ करतो. हेमकंदही तेच करतो. म्हणून हिरड्या वाहतात! हे कळले असते तर मी आधीच आवरले असते."

"मग काढाही बंद करू?"

"मुळीच नाही! हेमकंद आजपासून बंद, सगळ्यांचाच. काढा आपल्या मनाने सोडायचा नाही, त्याचे माप मी ठरवीन. आणि यापुढे पाला असो, मुळी असो, घरची असो की डोंगरावरची, आधी मला सांगायची."

"पण मुळी तर गुणाची ना?" राजमातेने विचारले.

"गुणाची आहे, म्हणूनच विचारून घ्यायची."

राजाच्या कानामागचे एक पान गळाले. मग दुसरे. दिवसभर दरबारात झाडू फिरत राहिला. राजमाता आणि विठंभट एकमेकांकडे न पाहता पाने गोळा करीत होते. संध्याकाळी राजाच्या तोंडून पहिला शब्द आला. "पाणी."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाच्या दहाही बोटांना नखे होती, आणि त्याने पाण्याचे भांडे स्वतःच्या हाताने उचलले.