गावाकडे तोंड केलेला देव

एकदा एका मठाच्या वृद्ध महाराजांना एका व्यापाऱ्याने घर दान दिले. ते घर जमिनीवर उभे नव्हते, चाकांवर होते. महाराज दर हिवाळ्यात मठातला देव घेऊन डोंगराकडच्या गावांची फेरी करीत. आता वय झाले होते, देवळांच्या ओवऱ्यांत झोपणे त्यांना सोसत नव्हते. ते पाहून व्यापाऱ्याने जीपच्या मागे आकड्याला जोडून ओढायचे एक फिरते घर करवून आणले. आत पलंग होता, शेगडी होती, पुढच्या बाजूला पाण्याची टाकी होती आणि मागच्या भिंतीला भलीमोठी काच होती. महाराजांनी ते आतून-बाहेरून न्याहाळले. "चांगलं आहे. आता रात्री मुक्कामाला चला, असा आग्रह कुणी करणार नाही," असे हसत म्हणाले आणि किल्ली शिष्याच्या हातात दिली.

हा शिष्य विद्वान होता, निष्ठावान होता आणि भलता तत्पर होता. कुठे काही वाकडे दिसले की ते सरळ केल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. भजनात कुणाची ओळ चुकली तर ती ओळ संपायच्या आत हा दुरुस्ती सांगून मोकळा. अशी माणसे प्रत्येक संस्थेला लागतात, आणि संस्थेतल्या लोकांना ती फार वेळ समोर नको असतात. महाराजांनी निघतानाच सांगितले होते, "ही माझी शेवटची फेरी. पुढे देव कुणी न्यायचा, की फेरी थांबवायची, ते परत आल्यावर ठरवू." देव नेण्याजोगा दुसरा कुणी मठात नव्हता. म्हणजे आपण कमी पडलो तर फेरी बुडणार, हे शिष्याला ठाऊक होते आणि ते ओझे घेऊनच तो गाडी चालवत होता.

फेरीचा एक जुना रिवाज होता. गाव सोडताना देवाचे तोंड गावाकडे असायचे, वेस दिसेनाशी होईपर्यंत. आणि गावाने दिलेला शिधा देवाच्या पायाशीच ठेवायचा. पूर्वी पालखी होती, माणसांच्या खांद्यावर चाले, तेव्हा हे सोपे होते. शिष्याने त्यावर नामी तोड काढली. दोघांनी उचलायचा तो पाषाणाचा देव त्याने थेट मागच्या काचेला लावून बसवला. गाडी सुटली की सारे गाव काचेतून दर्शन घेत उभे राही. बायाबापड्यांच्या डोळ्यांत पाणी येई. शिष्याला मनातून फार समाधान वाटे, आणि वाटावे असेच ते दृश्य होते.

एकेक गाव होत गेले तसा शिधाही वाढला. तांदळाच्या गोण्या, गुळाच्या ढेपा, एका गावाने तर कमरेइतकी पितळी समई दिली. सगळे मागे, देवाच्या पायाशी. पुढची पाण्याची टाकी मात्र रोज रिकामी होत होती. मठाचा जुना स्वयंपाकी यमाजी जीपच्या मागच्या बाकावर बसे. तो एकदा म्हणाला, "घर जरा श्येपूट हलवतंय बगा." शिष्य म्हणाला, "रस्ता खराब आहे." रस्ता खराब होताच, त्यामुळे बोलणे तिथेच संपले.

मग घाट उतरताना ते झाले. उतार होता, गाडीने वेग घेतला होता, दरीकडून आडवा वारा येत होता. तेवढ्यात एक एसटी भरधाव शेजारून पुढे गेली आणि तिच्या वाऱ्याने मागच्या घराला धक्का दिला. घराची शेपटी उजवीकडे गेली. शिष्याने तत्परतेने हातातले चाक फिरवले. शेपटी डावीकडे आली, पहिल्यापेक्षा जोरात. त्याने उलटे फिरवले. आता घरच जीपला हलवू लागले होते. समोरून माणसांनी खच्चून भरलेली वडापची जीप वर येत होती. शिष्याने करकचून ब्रेक दाबला. जीप थबकली, पण मागचे ओझे थबकले नाही, ते तिच्या अंगावर आले आणि जीपचे तोंड दरीकडे वळू लागले. यमाजीने देवाचे नाव घेतले.

"पाय काढ," शेजारी बसलेले महाराज म्हणाले.

"महाराज, आपण..."

"पाय काढ ब्रेकवरनं. चाक सरळ धर. आणखी काही करू नकोस."

त्यांनी आपला सुरकुतलेला तळवा शिष्याच्या मुठीवर घट्ट ठेवला, म्हणजे त्याला चाक फिरवताच येईना. दुसऱ्या हाताने त्यांनी समोरच्या फळीखालची एक छोटी दांडी हळूहळू दाबली. व्यापाऱ्याच्या मिस्त्रीने बसवलेल्या त्या दांडीने फक्त मागच्या घराचे ब्रेक लागत. पुढची जीप चालत राहिली, मागचे घर तिला धरून ओढले गेले आणि दोरी ताणल्यावर सरळ होते तसे ते दोन-चार हेलकाव्यांत सरळ झाले. वडापची जीप शिव्या देत निघून गेली.

रुंद जागा पाहून त्यांनी गाडी थांबवली. शिष्याने किल्ली काढून महाराजांपुढे धरली. "मला नको हे. आज माझ्या हातून तुम्ही गेला असता, यमाजी गेला असता, ती सगळी माणसं गेली असती. फेरी बंद करा, पण माझ्यावर टाकू नका."

महाराजांनी किल्ली घेतली नाही. ते उतरून मागच्या घरात गेले आणि यमाजीला हाताशी घेऊन त्यांनी जे केले ते पाहून शिष्य थक्क झाला. त्यांनी देवाला काचेपासून उचलवले, चाकांच्या थोडे पुढे पलंगाशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जमिनीवर बसवले, घोंगडीत गुंडाळले आणि दोरीने गच्च आवळले. गोण्या, ढेपा, समई, सारे तिथेच आजूबाजूला खाली रचले.

"महाराज, देव असा गोणीसारखा बांधायचा? लोकांना दिसणारसुद्धा नाही!"

महाराज बाहेर येऊन आकड्याजवळच्या दगडावर बसले. "मठात येण्याआधी मी बैलगाडी हाकायचो," ते म्हणाले. "मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ व्हायची. धुरा वर उठायची, बैलांची मान सुटायची, मग गाडी कुणाचीच नसायची. इथं तेच झालं. आपण सगळं जड मागे नेऊन मांडलं, लोकांना दिसावं म्हणून. आकड्यावर काही भारच उरला नाही. ओढणाऱ्याला ओझं थोडं अंगावर जाणवायला हवं. फार नको, नाहीतर तोच दबेल. मीही इतके दिवस शिधा बघत होतो, आकडा बघितला नाही. चूक दोघांची आहे."

"पण मी सावरायला गेलो आणि आणखी बिघडलं."

"तू प्रत्येक हेलकाव्याला उत्तर दिलंस. तुझं उत्तर पोचेपर्यंत हेलकावा दुसरीकडे गेलेला असतो, मग तुझं उत्तरच त्याला नवा धक्का देतं. बाळ, मागचं हललं की पुढच्यानं हलू नये. वेग सोडावा, हात स्थिर ठेवावा आणि मागच्याला हळूच मागे धरावं. पण हे संकटातलं औषध झालं. खरा उपाय निघण्याआधीचा. भार पुढे आणि खाली ठेवावा, आणि उताराला वेग येऊच देऊ नये." ते उठले. "चल, चालव."

"मीच?"

"आज भ्यायला कोण? तू. मग आता नीट कोण चालवील?"

काचेतल्या देवाची बातमी ऐकून पुढच्या गावाच्या वेशीवर लोक वाट पाहत होते. काच रिकामी दिसताच गलका उठला. जनाक्का नावाची एक म्हातारी हातातली आरती तशीच धरून पुढे आली. "द्येव कुटं हाय? कोपऱ्यात झाकून ठिवलाय? जाताना आमच्या गावाचं तोंड बगायचं न्हाई व्हय त्येला?" कुणी म्हणाले, महाराजांच्या पलंगासाठी देवाला हलवला. कुणी म्हणाले, असल्या फेरीला आता शिधा द्यायचा नाही.

शिष्याच्या ओठांवर उत्तरे तयार होती. पलंगाचे बोलणाऱ्याला तर त्याने एका वाक्यात गप्प केले असते. त्याने महाराजांकडे पाहिले. ते जीपमध्ये बसून दुसरीकडेच बघत होते. शिष्य हात जोडून उभा राहिला. लोक बोलत राहिले, तो तिथून हलला नाही आणि मध्ये एक शब्दही बोलला नाही. बोलणाऱ्यांचा जोर ओसरला. मग सावकाश म्हणाला, "आक्का, देव मागं बसवला तो मी. त्या भारानं आज घाटात गाडी दरीत चालली होती. यात देवाचा दोष नाही, महाराजांचाही नाही. गाडीत तो आता पुढंच बसेल. पण तुमचा रिवाज मला मोडायचा नाही. कसं करावं, ते तुम्ही सांगा."

जनाक्काने आरती शेजारणीच्या हाती दिली. "येवढंच ना? वेशीपातूर आमी न्हेतो की उचलून, गावाकडं तोंड करून. पुडं तुमी बांदा कसा बांदायचा त्यो."

निघायच्या दिवशी तसेच झाले. गावाने देवाला खांद्यावर घेतले आणि सगळे वेशीपर्यंत चालत आले. मागच्या गावांत काचेतून दर्शन घ्यायलाही एवढे लोक वेशीपर्यंत कधी आले नव्हते. तिथे शिष्याने यमाजीच्या मदतीने देवाला कोपऱ्यात बसवले, स्वतःच्या हाताने दोरी आवळली, आकडा तळव्याने दाबून पाहिला आणि चाकांची हवा पाहिली. मग तो गाडीत बसला.

महाराज शेजारी बसले. पुढे मोठा उतार होता. त्यांनी शाल अंगाभोवती घेतली, डोके खिडकीला टेकले आणि उतार सुरू व्हायच्या आतच ते झोपी गेले.

"उठवू का?" यमाजी मागून कुजबुजला. "घाट आलाय."

"नको," शिष्य म्हणाला. त्याने वेग आणखी कमी केला.