परक्यांचं सुतक

देवाचं सगळं करणारी माणसं सुखी असतात का? ताई गेल्यावर मी हे गावात ज्याला त्याला विचारलं.

एकदा एक वृद्ध गुरव आपल्या शिष्याला घेऊन शहरातल्या मुलींच्या वसतिगृहावर गेले. तो शिष्य मी. शाळा सुटल्यापासून देवळातलं काम त्यांच्याच हाताखाली शिकतो, त्यांना बाबा म्हणतो. माझी कावेरीताई तिथे राहून कॉलेज करत होती. तापाने गेली. तेरावा झाल्यावर आम्ही तिचं सामान आणायला निघालो, तेव्हा मी ठरवलंच होतं, तिचा पितळी दिवा नदीत फेकायचा. रोज लावून तिला काय मिळालं?

फाटकाजवळच्या खोलीत तिच्या दोन मैत्रिणी तिच्या सामानाची पेटी घेऊन आल्या. मी आधी दिवा काढला. तो कोरडा होता.

"रोज आम्ही सगळ्या तिच्या आरतीला बसायचो. ती गेल्यापासून दिवा लावला नाही," एक म्हणाली. "अनघानेच लावू दिला नाही. म्हणाली, आपल्याला सुतक आहे."

"तुम्हाला कसलं सुतक?" मी खेकसलो. "आमच्या भावकीतल्या आहात का?"

"मला त्यातलं काही कळत नाही," दुसरी, म्हणजे अनघा, चिडून म्हणाली. "मी देव मानत नाही. पण घरातलं माणूस गेल्यावर देवापुढे दिवा लावत नाहीत ना?"

"मानत नाहीस, मग आरतीला कशाला बसायचीस?"

"प्रसादाच्या फुटाण्यांसाठी!" ती हसली आणि हसता हसताच रडू लागली. "मला उशीर झाला की सगळ्या ओरडायच्या. कावेरी मात्र काडी हातात धरून थांबायची. मी आल्याशिवाय दिवा लावायचीच नाही."

बाबांनी माझ्या हातातला दिवा घेतला आणि अनघाच्या ओंजळीत ठेवला.

"बाबा, अहो, हिला? ही तर मानतच नाही!"

"अरे, देवाने तुझ्या ताईला काय दिलं, ते मलाही सांगता येणार नाही. आयुष्य दिलं नाही, हे खरं. पण तिच्या देवापुढे न मानणारीलाही जागा होती, आणि त्या जागेसाठी ती थांबत होती. तिचं सुख तिथे होतं. ही मुलगी रक्ताची नसून सुतक पाळते. दिवा दुसऱ्या कुणाला देऊ?" मग ते मुलींकडे वळले. "पोरींनो, सुतक फिटलं आता."

दिवेलागण झाली होती. तेल आलं. वात मी वळली. अनघा फुटाणे आणायला वर गेली होती.

"लाव की," पहिली म्हणाली.

मी काडी हातात धरून थांबलो. जिन्यावर अनघाची पावलं वाजली, मगच ओढली. ताईसाठी मी शेवटचं केलं ते एवढंच.