कुलपात ठेवलेलं यंत्र

एका उंच कड्यावर एका राणीचा किल्ला होता आणि खाली नदीकाठच्या सपाटीवर तिची रयत राहत होती. शेजारचा राजा तिच्या मुलखावर डोळा ठेवून होता. त्यामुळे राणीच्या जिवाला चैन अशी नव्हतीच.

तिने तोफा ओतून घेतल्या, पण त्या कड्यावर चढेनात. दोर तुटले, बैल बसले. मग तिने खजिना मोकळा सोडला आणि कारागिरांना कामाला लावलं. त्यांनी बरीच खटपट करून दातेरी चाकांचं एक यंत्र बनवलं. चार बैल गोल फिरले, की साखळदंडाला बांधलेली तोफ कडा चढून वर. तोफा चढल्या आणि यंत्र किल्ल्यात कुलपात गेलं.

त्या वर्षी पावसाने दगा दिला. नदीला पाणी होतं, पण खोल घळीत. मोटेचा दोर तिथवर पुरेना. पिकं माना टाकू लागली, तेव्हा मुख्य कारागीर दरबारात आला.

"राणीसाहेब, यंत्र एक हंगाम घळीवर लावू द्या. तोफेच्या जागी मोटा बांधू. शेतं जगतील."

"आणि शत्रूच्या हेरांनी ते पाहिलं तर?" सेनापती म्हणाला. "उद्या त्यांच्या तोफा समोरच्या डोंगरावर दिसतील."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. सीमेवर फौज जमत असल्याची खबर रोजच येत होती. राणी सज्जातून करपणाऱ्या शेतांकडे बघत राहिली. पण शेवटी भीतीच वरचढ ठरली.

"कुलूप काढायचं नाही," ती म्हणाली.

मग व्हायचं तेच झालं. पिकं वाळली, बाजार ओस पडला, लोक बिऱ्हाडं घेऊन घाट उतरून परमुलखात जाऊ लागले. त्यांना अडवायला राणीने शिपाई पाठवले, तर निम्मे शिपाई त्यांच्याबरोबरच निघून गेले. त्यांचीही पोरंबाळं त्याच गावांत उपाशी होती ना!

शत्रू आला, पण त्याने एकही गोळा डागला नाही. तोफांचा मारा पोचणार नाही इतक्या लांब तळ ठोकून तो नुसता बसून राहिला. किल्ल्यावर तोफा ठासून तयार होत्या, कोठारात मात्र दाणा नव्हता. गोलंदाजांना उभं राहवेना. अखेर राणीने दरवाजा उघडला.

जिंकलेल्या राजाने यंत्र पाहिलं आणि सर्वांत आधी घळीवर नेऊन लावलं. काही दिवसांनी त्याने राणीला कैदेतून सोडलं. ती घाट उतरू लागली, तर समोरून बिऱ्हाडं वर येत होती. शेतांवर पाणी चढल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

राणीने एका म्हातारीला थांबवलं. "शत्रूच्या राज्यात परत चाललात?"

म्हातारीने वाकून मुजरा केला. "राणीसाहेब, ते यंत्र आमच्याच करातून झालं होतं. पाणी तुम्ही दिलं असतं, तर आम्ही गेलोच नसतो."

एवढं बोलून ती घाट चढू लागली.

तात्पर्य एवढंच: राज्य राखायला पैसा ओतला की नवी विद्या हाती येते, पण ती रयतेच्या शेतापर्यंत पोचली तरच राखायला राज्य उरतं.