कोंडाईने जन्माला घातलेला शिपाई

फार फार वर्षांपूर्वी, लढाईवर गेलेल्या माणसाची खबर यायला वर्षं लागत, तेव्हाची ही गोष्ट. पिंपरखडात कोंडाई नावाची सुईण होती. गावातल्या प्रत्येकाची नाळ तिनेच कापलेली. तिचा हात लागला की आडवं आलेलं मूलही वळायचं, असं म्हणतात.

त्याच गावचा रायाजी पलटणीत गेला आणि मेल्याची खबर आली. देह नव्हता, म्हणून भावाने दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, दिवस घातले. आणि मग एका दुपारी रायाजी लंगडत वेशीत उभा राहिला.

खबर खोटी होती, पण विधी झाले होते. ज्याचे दिवस घातले तो उंबरठ्याच्या आत आला तर घर बसतं, अशी गावाची समजूत. भाऊ रडला, पण त्याने दार लावून घेतलं. रायाजी मसणवटीतल्या छपराखाली राहू लागला. लोक लांबूनच भाकरी ठेवून जात. हळूहळू त्याची वाचा गेली. गावाला लाज वाटावी अशीच ही गोष्ट आहे, म्हणून ती सांगायची.

कोंडाईने पाटलांना गाठलं. "मेला म्हंता न्हवं? मग मी त्याला जल्माला घालते. तान्ह्या लेकराला कुणी गावाभाईर ठिवतं व्हय? घर बसलं तर माझं बसंल."

पाटलांची नाळही तिनेच कापलेली. त्यांनी तिला अडवलं नाही.

तिने रायाजीला आपल्या झोपडीत आणलं, ऊन पाण्याने न्हाऊ घातलं, जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळून शेक दिला. बाराव्या दिवशी बारसं मांडलं. कानात नाव सांगायला आत्या हवी, पण कुणीच येईना. दिवस कलल्यावर त्याची म्हातारी आत्या गोदूबाई काठी टेकत आली. खाली वाकून त्याच्या कानात म्हणाली, "रायाजी."

तो तान्ह्या पोरासारखा टाहो फोडून रडला. त्या घटकेला गावातले सगळे रिकामे पाळणे आपोआप हलले, असं म्हणतात. भावाने आपल्या घराची एक भिंत उतरवली. त्याच दगडांनी रायाजीचं घर उभं राहिलं.

ते घर अजून आहे. गाव दरवर्षी ते शाकारतं. घर नसलेला शिपाई आला, तो कुठल्याही मुलखाचा असो, त्याला ऊन पाण्याने न्हाऊ घालतात. मग गावातली एखादी म्हातारी त्याला नाव विचारते आणि तेच त्याच्या कानात सांगते. आपलं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकून त्यातल्या कित्येकांना वर्षं झालेली असतात.